लाल दिवा नेमकं काय सांगतो? – मोटारीतल्या एका खुणेचा इतिहास



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने जिन्यात गाठून विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पुढचा विषय मोटारीच्या बॅटरीचा लाल दिवा? हे काय नवीन?’ आम्ही म्हटलं, या आणि बघा. शिवाय विषय जागेला धरूनच आहे. उस्मानपुऱ्यात १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे आणि संत एकनाथ रंगमंदिरही आहे. यंत्र आणि विचार या दोन्हींचे शेजारी आपण आहोत.

प्रश्न साधा आहे. गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डावर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की तो विझायला हवा. विझला नाही, तर काय समजायचं? शंभरातले बहुतेक लोक म्हणतील, बॅटरी गेली. आम्हीही एके काळी तेच म्हणालो होतो. ते उत्तर किती महाग पडलं ते सांगूच, पण आधी इतिहास बघू, कारण इतिहास कळल्याशिवाय हा दिवा कळत नाही.

सुरुवातीच्या मोटारींत ही भानगडच नव्हती. पुढे रॉकेलचे किंवा कार्बाइडच्या गॅसचे दिवे असत. ठिणगी मॅग्नेटोतून मिळे आणि इंजिन सुरू करायचं ते हँडल मारून. आपल्यातल्या वयस्कांनी जुन्या बसगाड्यांना आणि ट्रकना हँडल मारणारा क्लीनर पाहिला असेल. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत अशा झटक्यात एक माणूस दगावला आणि त्याची हळहळ वाटून कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लीलँड यांनी विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीत तिखटमीठ किती हा भाग सोडा. चार्ल्स केटरिंग यांनी असा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला, हे पक्कं आहे. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो, तो हाच.

आता बघा, सेल्फ आला म्हणजे काय काय आलं. इंजिन फिरवायला दमदार वीज हवी, म्हणून बॅटरी आली. शिसं आणि गंधकाम्ल यांची, पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्येच करून ठेवली होती. तिला मोटारीत कायमचं घर मिळालं ते सेल्फमुळे. पण बॅटरी ही हौदासारखी. नुसती उपसली तर रिकामी होणार. म्हणजे चालत्या इंजिनाने तिच्यात वीज परत भरत राहायला हवी. त्यासाठी डायनॅमो आला. चुंबकापुढे तार हलवली की तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं होतं. गंमत म्हणजे केटरिंग यांच्या त्या पहिल्या यंत्रणेत स्टार्टर आणि डायनॅमो एकच यंत्र होतं. आधी ते बॅटरीकडून घेई, मग बॅटरीला देई.

इथून आपल्या विषयाला सुरुवात होते. देणं-घेणं आलं की हिशेब आला. डायनॅमो बॅटरीला देतोय की बॅटरीतूनच सगळं जातंय, हे चालकाला कळणार कसं? पहिलं उत्तर होतं ॲमीटर. काटा मध्यावर, एका बाजूला गेला तर जमा, दुसऱ्या बाजूला गेला तर खर्च. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डावर हा ॲमीटर होता. ज्याला वाचता येतं त्याला तो केवढं सांगायचा! सेल्फ मारल्यावर भरपाई जोरात चालू आहे, आता कमी झाली, म्हणजे बॅटरी भरत आली. दिवे लावले तर काटा इतका खाली आला. चालक आणि यंत्र यांच्यात एक संवाद असे.

पण मोटार सर्वसामान्यांची होऊ लागली तसे उत्पादकांच्या लक्षात आलं की बहुतेक लोक काटा बघतच नाहीत आणि बघितला तरी त्याचा अर्थ लावत नाहीत. काट्याचं यंत्र महाग, दिवा स्वस्त. म्हणून काटा गेला आणि दिवा आला. इंग्रजी बोलणाऱ्या शौकीन चालकांनी या दिव्यांना मूर्खांचे दिवे असं नाव ठेवलं. (हशा) आम्हाला ते नाव अन्यायाचं वाटतं. रात्रीच्या काळोखात काट्यापेक्षा दिवा लवकर दिसतो, हा मोठा गुण आहे. पण काहीतरी हरवलं हेही खरं. काटा ‘किती’ ते सांगायचा. दिवा फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. आणि कशाबद्दल ‘हो’ म्हणतोय ते ऐकणाऱ्याने आधीपासून जाणून असावं लागतं.

तर तो कशाबद्दल बोलतो? नीट लक्ष द्या, सगळी गोम इथे आहे. या दिव्याला दोन टोकं असतात. एक टोक किल्लीतून बॅटरीला जोडलेलं आणि दुसरं वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्राला. दोन हौद नळीने जोडलेत असं समजा. एका हौदात पाणी आहे, दुसरा रिकामा. नळीतून पाणी वाहणार. दोन्हींची पातळी सारखी झाली की वाहणं थांबलं. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे: बॅटरीकडे दाब आहे, यंत्राकडे नाही, म्हणून प्रवाह वाहतो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झालं, यंत्राने आपला दाब तयार केला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या, दिवा विझला.

म्हणजे चित्र बॅटरीचं असलं तरी दिवा मुळात बॅटरीबद्दल बोलतच नाही! तो बोलतो तिच्या भरपाईबद्दल. बॅटरीचा एखादा सेल मेलेला असेल, पण भरपाई ठीक असेल, तर दिवा शांत राहतो. आणि बॅटरी कालच दुकानातून आणलेली असेल, पण भरपाई बंद असेल, तर दिवा लागतो. बॅटरीचं चित्र काढणाऱ्याने आपली दिशाभूल केली, असंच म्हणायला हवं.

पुढचा टप्पा अल्टरनेटरचा. डायनॅमोची एक खोड होती. इंजिन मंद चालत असलं, म्हणजे सिग्नलला गाडी उभी असली, की त्याच्याकडून पुरेशी वीज मिळत नसे. त्यामुळे जुन्या गाड्यांत थांबल्यावर दिवा मिणमिणायचा आणि गाडी हलली की विझायचा. तो दोष नव्हता, स्वभाव होता. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर मोटारीत आला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला. अल्टरनेटर मंद गतीतही भरपाई करतो. म्हणून त्या गाड्यांत थांबल्यावर मिणमिणणारा दिवा हा स्वभाव नाही, दोष आहे. खूण तीच, काळ बदलला आणि अर्थ बदलला.

आपल्याकडे हे सगळं थोडं उशिरा आणि एकावर एक साचून आलं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. स्वातंत्र्यानंतर सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, पुढे पद्मिनी, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याहून ॲम्बेसेडर. मग डिसेंबर १९८३ पासून मारुती ८००. एकाच गॅरेजात डायनॅमोची गाडी आणि अल्टरनेटरची गाडी शेजारी उभ्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा, आणि आपलं शहर स्वतःच वाहनांचं गाव झालं. पण गॅरेजातलं ज्ञान पुस्तकातून येत नाही, उस्तादाकडून शागिर्दाकडे जातं. त्यात जुन्या काळचे उपायही वाहत येतात. त्याचं उदाहरण पुढे देतो.

आता आमची गोष्ट. साल १९९८. आमची जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली मारुती. डिसेंबरात चाळीसगावला लग्न होतं. आठवडाभर आधीपासून लाल दिवा लागू लागला; दिवसा फिकट, रात्री हेडलाइट लावले की ठळक. सकाळी गाडी सुरू करताना पुढून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. आम्ही आवाजाकडे दुर्लक्ष केलं, कारण आवाज थोड्या वेळाने थांबायचा आणि दिवा मात्र डोळ्यांत खुपायचा. जवळच्याच एका दुकानात गेलो. बॅटरी तीन वर्षांची झाली होती. ‘बदलून टाका,’ आम्हीच म्हणालो. बदलली. दिवा तसाच.

परत गेलो. दुकानात अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तो म्हणाला, ‘सर, बॅटरीचं नसंल हे. अल्टरनेटरकडं बघावं लागंल. उद्या गाडी सोडा.’ उद्या लग्न. आम्ही चिडून म्हणालो, ‘अरे बाबा, गाडी सुरू होतेय ना? मग तो दिवा तेवढा घालव.’ तो जरा थांबला. मग डॅशबोर्ड सैल करून त्याने दिव्याचा बल्ब काढून आमच्या हातावर ठेवला. आम्हाला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि आम्ही दोघं रात्री परत निघालो. औट्रम घाट चढताना हेडलाइट पिवळे पडू लागले. तापमानाचा काटा वर जात होता. आम्ही म्हटलं, घाट आहे, चालायचंच. एका वळणावर इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला तर नुसती टकटक. डिसेंबरची थंडी, आमच्या सौ. ना दम्याचा त्रास, आणि फवाऱ्याचं औषध सामानातल्या कुठल्या पिशवीत ते दोघांनाही आठवेना. काळोखात पिशव्या चाचपत घालवलेली ती दहा मिनिटं आम्ही विसरलेलो नाही. औषध सापडलं. पुढे काय झालं असतं, हा विचार मात्र अजून येतो.

वर जाणारा एक ट्रक थांबला. चालक खाली उतरला, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या झेंड्यात इंजिनाच्या बाजूचा पट्टा अंगठ्याने दाबला. पट्टा चांगला दोन बोटं आत गेला. म्हणाला, ‘काका, बेल्ट ढिला पडलाय. अल्टरनेटर फिरत न्हाई, पानी बी फिरत न्हाई. लाल लाइट लागला नव्हता व्हय?’ आम्ही सांगितलं, लागायचा, आम्ही काढून टाकला. तो काही बोलला नाही. दोर बांधून त्याने आम्हाला कन्नडपर्यंत नेलं आणि पैसे घेतले नाहीत.

सकाळी कन्नडच्या मिस्त्रीने पट्टा आवळला, बॅटरी भरली आणि म्हणाला, ‘बल्ब कुठंय? त्याच्याशिवाय चार्जिंग नीट धरत नाही.’ आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. पण तेच खरं. अशा अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नसतं. आतलं गुंडाळं चुंबक व्हायला सुरुवातीला थोडी वीज लागते आणि ती वीज येते त्या लाल दिव्यातूनच. दिवा नुसता निरोप्या नाही, तो कामाचाही गडी आहे. आम्ही निरोप देणाऱ्याचं तोंड बंद केलं आणि त्याबरोबर कामही अडवलं.

आता जे सांगतो ते आजवर व्यासपीठावरून सांगितलेलं नाही. परतल्यावर आम्ही त्या दुकानात गेलो आणि मालकासमोर त्या पोराला वाटेल ते बोललो. ‘तुझ्या मूर्खपणामुळे जीव गेला असता.’ मालकानेही त्याला झापलं. पोरगा खाली मान घालून उभा होता. ‘सर, तुम्हीच सांगितलं होतं,’ एवढंही तो म्हणाला नाही. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. काम सोडून गेला, एवढंच कळलं. आणि त्याच आठवड्यात आम्ही वर्गात हेत्वाभास शिकवत होतो. कारण एक, खापर दुसऱ्यावर, याला काय म्हणतात हे मुलांना फळ्यावर लिहून देत होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. ‘निदान’ हा शब्दच बघा. आज आपण तो रोग ओळखणे या अर्थाने वापरतो. आयुर्वेदात निदान म्हणजे मुळात कारण. रोग जाणण्याची पाच साधनं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. लाल दिवा हे रूप, म्हणजे दिसणारं लक्षण. सकाळचं किंचाळणं हे पूर्वरूप, आधीची चाहूल. पट्टा सैल होणं हे कारण. पट्टा सैल, म्हणून अल्टरनेटर मंद, म्हणून भरपाई कमी, म्हणून बॅटरी रिकामी – ही साखळी म्हणजे संप्राप्ति. आणि उपशय म्हणजे उपाय करून पाहणं, गुण येतो का त्यावरून रोग ठरवणं. बॅटरी बदलून बघितली हा आमचा उपशय. त्याने गुण आला नाही, म्हणजे त्याने आम्हाला बहुमोल माहिती दिली होती: दोष बॅटरीत नाही. पोराने ती वाचली. आम्ही वाचली नाही.

नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला पाठ आहे: डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी. पण उलट चालत नाही; अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्यासाठी ओलं सरपण लागतं. त्या अटीला ते उपाधी म्हणतात. आमच्या मनात व्याप्ती बसली होती, ‘जिथे लाल दिवा तिथे खराब बॅटरी’. ती मुळातच खोटी. आणि उरलेल्यावरून अनुमान काढण्याचीही एक रीत आहे. न्यायसूत्रातल्या ‘शेषवत्’ या अनुमानाचा तसा एक अर्थ वात्स्यायनाने दिला आहे: एकेक शक्यता बाद करा, जी उरते ती धरा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात वेगळ्या वाटेने शिस्त घालून दिली: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फरक बघा. चांगला मिस्त्री हे दोन्ही करतो, नावं माहीत नसताना.

मग दिवा विझला नाही तर करायचं काय? क्रम सांगतो. पहिल्यांदा तापमानाचा काटा बघा. अनेक जुन्या गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. दिवा आणि ताप दोन्ही असतील तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, मग पट्टा बघा. ताप नसेल तर दिवसा अनावश्यक खर्च, म्हणजे एसी, पंखा, गाणी, बंद करून जवळचं गॅरेज गाठा. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मग टर्मिनल. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा ते हाताने हलत असेल तर आधी ते साफ करून घट्ट करायचं. अर्थिंगची तारही बघायची. मग मल्टिमीटर. थोडा वेळ विसावलेली, भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा वाढलाच नाही तर भरपाई होत नाही: पट्टा, कार्बन, रेग्युलेटर, डायोड, या क्रमाने शोध. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. आकडा योग्य असूनही दिवा मिणमिणतोय, तर तारांत कुठे अडथळा आहे किंवा एखादा डायोड गेलाय.

आणि तो जुना उपाय. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून बघायची. गाडी चालू राहिली तर भरपाई ठीक. डायनॅमोच्या काळात ही युक्ती खपून जायची. अल्टरनेटरच्या गाडीत त्या झटक्याने डायोड जळू शकतात, आणि आजच्या गाडीत तर संगणकच. तरी अजून कोणीतरी करताना दिसतं. उपाय उरला, त्यामागचं कारण निघून गेलं. रूढी अशाच तयार होतात, त्या फक्त देवळात तयार होतात असं नाही.

आजच्या गाड्यांत तर पुष्कळदा संगणकच भरपाई कमी-जास्त करतो, त्यामुळे वर दिलेले आकडेही डोळे झाकून लावू नका. विजेवरच्या गाडीत सेल्फ नाही, अल्टरनेटर नाही, तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक असतेच आणि तिच्या भरपाईसाठी वेगळी यंत्रणा असते. लाल दिवा तिथेही आहे. चित्र तेच जुनं.

आमच्याकडे तो काढलेला बल्ब अजून आहे. कन्नडला मिस्त्रीने दुसरा घातला, कारण हा आमच्या कोटाच्या खिशात होता हे आम्हाला त्या सकाळी आठवलंच नाही. तो पोरगा आता पंचेचाळिशीचा असेल. कदाचित त्याचं स्वतःचं गॅरेज असेल, कदाचित तो हे व्याख्यान ऐकतही असेल. असेल तर त्याला सांगायचंय: बाबा रे, तुझं निदान बरोबर होतं. चुकलो आम्ही.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि कोणाच्या गाडीचा दिवा आत्ता लागलेला असेल, तर आधी खाली जाऊन पट्टा बघून या. नमस्कार.